फेब्रुवारीची गणती आणि आपला पाडा

(जानेवारी २०११ मध्ये नांदगाव येथे झालेल्या तालुका मेळाव्यात संघटनेच्या तरुण कार्यकर्त्यांच्या वतीने केलेलं भाषण. जे कामाला बाहेरगावी गेले आहेत त्यांच्या घरी आणि पाड्याच्या बैठकीत हे वाचून दाखवावं.)

 

सकाळपासून आपण वनहक्काच्या दाव्यांवर बोललो. कोणाचा दावा कुठे अडकला, कोणाला नोटीस आली, कोणाची मोजणी राहिली, हे सगळं झालं. आता आम्हा पोरापोरींना दुसऱ्या एका मोजणीबद्दल बोलायचं आहे. ती जमिनीची नाही, माणसांची आहे. येत्या ९ फेब्रुवारीपासून २८ फेब्रुवारीपर्यंत सगळ्या देशात जनगणना होणार आहे. शाळेतले गुरुजी नाहीतर बाई फॉर्म घेऊन दारात येतील आणि एकोणतीस प्रश्न विचारतील. पाड्यावर आम्ही हे सांगितलं तेव्हा एक म्हातारी म्हणाली, "मोजू दे ना बाबा, मोजल्यानं काय पोट भरतंय?" प्रश्न बरोबर आहे. त्याचं उत्तर द्यायलाच आम्ही उभे आहोत.

उत्तर थोडक्यात असं: सरकारची वाटणी डोक्यावर होते. डोकं जिथे मोजलं जातं तिथे वाटा जातो. आणि आपलं डोकं फेब्रुवारी महिन्यात आपल्या पाड्यावर नसतं.

हे नीट कळायला थोडा मोठा हिशोब बघावा लागेल. आकडे आहेत, पण अवघड नाहीत.

देश कसा वाढला

आपल्या देशात सगळीकडे एकाच वेळी अशी पहिली जनगणना १८८१ साली इंग्रजांनी केली. तेव्हापासून दर दहा वर्षांनी ती होते. १९०१ साली देशात २३ कोटी ८४ लाख माणसं होती. १९५१ साली ३६ कोटी ११ लाख. २००१ साली १०२ कोटी ८७ लाख. म्हणजे शंभर वर्षांत एकाचे चार झाले.

पण ही वाढ सरळ झालेली नाही. १८९१ ते १९०१ या दहा वर्षांत आपल्या मुंबई इलाख्यात माणसं वाढली नाहीत, उलट कमी झाली. एकामागून एक दुष्काळ पडले, प्लेग आला. पुढे १९११ ते १९२१ या दहा वर्षांत सगळ्या देशाचीच लोकसंख्या घटली, कारण १९१८ सालची इन्फ्लुएंझाची साथ. त्यानंतर मात्र आकडा कधी खाली आला नाही.

आता विचार करा. आपल्या आज्या-पणज्यांना काय कमी पोरं होत होती? आठ-आठ, दहा-दहा बाळंतपणं होत होती. पण त्यातली निम्मी सुद्धा जगत नव्हती. स्वातंत्र्याच्या वेळी आपल्या देशातल्या माणसाचं सरासरी आयुष्य साधारण बत्तीस वर्षं होतं. पुढे देवीची लस आली, मलेरियाची फवारणी आली, रेशन आलं, दुष्काळी कामं आली. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायची कामं निघाली, सुकडी वाटली, म्हणून माणसं तगली. म्हणजे लोकसंख्या वाढली ती पोरं जास्त झाली म्हणून नाही. मरणं कमी झाली म्हणून वाढली. ही काही लाजेची गोष्ट नाही.

आता वाढीचा वेगही कमी होतोय. १९६१ ते १९७१ मध्ये देश शंभराला जवळपास पंचवीसने वाढला होता. १९९१ ते २००१ मध्ये साडेएकवीसने वाढला. केरळात तर याच दहा वर्षांत शंभराला साडेनऊनेच वाढ झाली. तिथे कोणी दंडुका उगारला नव्हता. पोरी शाळेत गेल्या, दवाखाना चालत जाण्याइतका जवळ आला, जन्मलेलं मूल जगेल असा आईबापाला भरवसा आला. मग पोरं आपोआप कमी झाली. उलट आणीबाणीत, १९७६-७७ या एका वर्षात, देशात ८० लाखांवर नसबंदीची ऑपरेशनं झाली, त्यातली कितीतरी जबरदस्तीने. गरिबाला ट्रकमध्ये घालून नेलं. ती दहशत आपल्या म्हाताऱ्या माणसांना अजून आठवते.

"तुमची पोरं जास्त, म्हणून जंगल संपलं"

हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलं आहे. कचेरीत ऐकलं, एसटीत ऐकलं. शिकलेली माणसं म्हणतात, आदिवासींची लोकसंख्या वाढली, म्हणून त्यांनी जंगल तोडून शेतं केली. तर हे सरकारच्याच आकड्यावर घासून बघू.

१९९१ साली महाराष्ट्रात अनुसूचित जमातींची माणसं होती ७३ लाख १८ हजार. २००१ साली झाली ८५ लाख ७७ हजार. म्हणजे शंभराला सतरा वाढली. याच दहा वर्षांत सगळा महाराष्ट्र शंभराला जवळपास तेवीसने वाढला. राज्यात आपला हिस्सा १९९१ ला ९.२७ टक्के होता, २००१ ला तो ८.८५ टक्के झाला. आपण वाढलो खरे, पण बाकीच्यांपेक्षा हळू वाढलो. मग जंगलावर भार कोणाचा?

राज्यातली माणसं कुठे राहतात तेही बघा. २००१ साली महाराष्ट्रात ९ कोटी ६९ लाख माणसं. त्यातली जवळपास १ कोटी २० लाख एकट्या बृहन्मुंबईत. म्हणजे राज्यातल्या दर आठ माणसांत एक मुंबईत. शंभरातली बेचाळीस माणसं शहरात. आणि गडचिरोली जिल्हा बघा. दर चौरस किलोमीटरला फक्त ६७ माणसं, राज्याची सरासरी ३१५. राज्यातलं दाट जंगल शिल्लक आहे ते गडचिरोलीत, मेळघाटात, सातपुड्यात. तिथे कोण राहतं? जिथे आदिवासी आहे तिथेच जंगल उरलं आहे. आपण जंगल खाल्लं असतं तर ते आपल्याच अंगणात सगळ्यात आधी संपलं असतं.

१८६० च्या दशकात मनमाड-नांदगावावरून रेल्वे गेली. देशभर अशा रेल्वेच्या रुळाखाली घालायला लाकूड लागलं. ते कुठून आलं? जंगलातूनच. आणि त्याच सुमाराला, १८६५ आणि १८७८ साली, इंग्रजांनी वनकायदे करून आपल्याला आपल्याच रानात चोर ठरवलं. पुढे १९२७ चा कायदा आला, तो अजून चालू आहे. म्हणून कोणी आपल्याला लोकसंख्येचं गणित शिकवायला आलं तर त्याला आधी हा हिशोब विचारायचा.

पोरांची संख्या हा घरचा आणि बाईच्या तब्येतीचा प्रश्न आहे. त्यावर आपल्यात बोललं पाहिजे आणि आम्ही बोलतो. कमी वयात लग्न, लागोपाठ बाळंतपणं, अंगात रक्त नाही, याने आपल्या बहिणी मरतात. शिवाय महाराष्ट्रात सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालं तर ग्रामपंचायतीची निवडणूक लढवता येत नाही, हेही लक्षात ठेवा. पण दवाखाना न देता, अंगणवाडी न देता, नुसती पोरं मोजून दोष देणं आपण ऐकून घेणार नाही.

एकोणतीस लाखांचे सत्तावन्न लाख

आता एक गंमत ऐका. १९७१ च्या गणतीत महाराष्ट्रात आदिवासी होते २९ लाख ५४ हजार. १९८१ च्या गणतीत झाले ५७ लाख ७२ हजार. दहा वर्षांत जवळपास दुप्पट! आपल्या बायांनी दहा वर्षांत एवढी पोरं जन्माला घातली का? शक्यच नाही.

झालं असं की १९७६ पर्यंत बऱ्याच जमातींना ठराविक तालुक्यांतच आदिवासी मानायचे. महादेव कोळी असो, ठाकूर असो, विदर्भातला गोंड असो, अमुक तालुक्यात राहिला तर आदिवासी, नदी ओलांडून शेजारच्या तालुक्यात गेला की नाही. तोच माणूस, तेच रक्त, तेच देव, पण कागदावर गायब. १९७६ साली संसदेने कायदा दुरुस्त केला, तालुक्यांची अट काढली, आणि पुढच्या गणतीत ही सगळी माणसं एकदम कागदावर आली. नावात साम्य आहे याचा फायदा घेऊन काही बिगर-आदिवासीही त्या यादीत घुसले. ते बोगस आदिवासींचं भांडण आपण अजून लढतो आहोत.

यातून आम्ही एक गोष्ट शिकलो. लोकसंख्येचा आकडा नुसता पाळण्यात ठरत नाही. तो कचेरीतही ठरतो. कोणाला मोजायचं, कोणत्या नावाने मोजायचं, कुठे मोजायचं, यावर तो ठरतो.

दाट वस्ती आणि विखुरलेली वस्ती

नाशिक जिल्ह्यात दर चार माणसांत साधारण एक आदिवासी आहे. पण सगळीकडे सारखं नाही. पश्चिमेला सुरगाणा आणि पेठ तालुक्यात शंभरातली नव्वदच्या वर माणसं आदिवासी. तिथे कोकणा, वारली, महादेव कोळी. आपल्याकडे पूर्वेला, नांदगाव, मालेगाव, येवला, चांदवड या भागात बहुतेक आपण भिल्ल. एका गावाच्या कडेला वीस घरं, दुसऱ्या गावाच्या माळावर चाळीस घरं, डोंगराच्या पायथ्याला दहा. आपण कमी नाही, पण विखुरलेले आहोत.

आणि कायदा दाट वस्ती बघतो. १९८५ साली राष्ट्रपतींच्या आदेशाने महाराष्ट्रातलं अनुसूचित क्षेत्र ठरलं. त्यात सुरगाणा, पेठ, कळवण आहेत, दिंडोरी, इगतपुरी, नाशिक, बागलाणमधली गावं आहेत. नांदगाव नाही. म्हणून १९९६ चा पेसा कायदा, ज्यात पाड्याची स्वतंत्र ग्रामसभा होऊ शकते, तो आपल्याला लागू नाही. आदिवासी उपयोजनेचा पट्टा निम्म्याहून जास्त आदिवासी असलेला. त्याच्या बाहेर 'माडा' क्षेत्र, म्हणजे दहा हजार लोकवस्ती आणि त्यात निम्मे आदिवासी. त्याहून लहान मिनीमाडा, म्हणजे पाच हजार वस्ती आणि निम्मे आदिवासी. जिथे निम्मे भरत नाहीत तिथले आदिवासी या सगळ्याच्या बाहेर. सुरगाण्याच्या भावाला जे मागता येतं ते आपल्याला मागता येत नाही. गरिबी मात्र तीच, भूक तीच.

एकच मोठा कायदा असा आहे की जो अनुसूचित क्षेत्रात आणि बाहेर सारखाच लागू आहे, तो म्हणजे २००६ चा वनहक्क कायदा. म्हणून तर आपण इथे जमलो आहोत. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून आदिवासी माणूस वनजमीन कसत असेल तर त्याचा हक्क मान्य करायचा, असं त्यात लिहिलं आहे. या कायद्याचे नियम वाचा. तेराव्या नियमात पुराव्यांची यादी आहे. त्यात वडीलधाऱ्या माणसांचा लेखी जबाब आहे, गॅझेटियर आहे, आणि जनगणनाही आहे. म्हणजे ज्या गणतीला आपण सरकारी काम म्हणून सोडून देतो, तीच उद्या आपल्या वस्तीचा पुरावा होते.

पण इथे एक अडचण आहे. गणतीच्या छापील पुस्तकात गाव म्हणजे महसुली गाव. पाडा वेगळा छापत नाहीत. आपली चाळीस घरं मोठ्या गावाच्या आकड्यात विरघळून जातात. आणि आपण कुटुंबाची जी माहिती सांगतो ती कायद्याने गुप्त असते. १९४८ च्या जनगणना कायद्याप्रमाणे तुमच्या घराचा फॉर्म कोणालाही दाखवता येत नाही, कोर्टातही पुरावा म्हणून वापरता येत नाही. म्हणून एक भीती मनातून काढा. आपण सांगितलेलं फॉरेस्टवाल्यांकडे जाणार नाही, पोलिसांकडे जाणार नाही. दाव्याला उपयोगी पडतो तो गावाचा छापील आकडा, की या गावात अमुक साली इतके अनुसूचित जमातीचे लोक राहत होते. तो आकडा खरा छापून यायचा असेल तर आपण सगळे त्यात असलो पाहिजे.

फेब्रुवारीत पाडा रिकामा

आता मुख्य गोष्टीवर येतो. गेल्या उन्हाळ्यात घरयादी झाली, तेव्हा घरांना नंबर टाकले. उन्हाळ्यात आपली माणसं घरी होती. आता माणसांची गणती आहे फेब्रुवारीत. फेब्रुवारीत आपला पाडा कसा असतो? दिवाळीच्या आगेमागे मुकादम ट्रक घेऊन येतो. उचल आधीच घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता, बरोबर कडेवरचं पोर. टोळी गेली की कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत येत नाही. कोणी वीटभट्टीवर, कोणी निफाडकडे द्राक्षाच्या तोडणीला. पाड्यावर राहतात म्हातारे, शाळेतली थोडी पोरं आणि कुत्री.

नियम असा आहे. ९ ते २८ फेब्रुवारी या वीस दिवसांत माणूस एक दिवस जरी आपल्या घरी राहिला, किंवा २८ च्या आत परत येणार असला, तर त्याला घरच्या यादीत धरतात. पण पूर्ण वीस दिवस बाहेर असेल तर त्याला घरी धरत नाहीत, जिथे सापडेल तिथे मोजतात. म्हणजे ऊसतोडीला गेलेला आपला माणूस नगर किंवा पुणे जिल्ह्यातल्या कुठल्या तरी गावाच्या आकड्यात जाईल. तेही फडावरच्या कोप्यांपर्यंत कोणी गेलं तर. नाही गेलं तर तो कुठेच नाही. ना घरात, ना फडात.

याचा तोटा किती, ते मांडून बघू. समजा एक गाव आहे, दोन हजार वस्तीचं. त्यात आपले चारशे. दोन हजार वस्तीला ग्रामपंचायतीत नऊ जागा. चारशेच्या हिशोबाने आदिवासींना नऊपैकी जवळपास दोन जागा येतात. आता चारशेतले दोनशे ऊसतोडीला गेले. गणतीत गाव झालं अठराशेचं, आपण दोनशे. जागा नऊच, पण आदिवासींची एकच. एक जागा गेली, आणि ती पुढची गणती येईपर्यंत गेली. दहा वर्षं! पोरगं जन्मून चौथीत जातं तेवढा काळ.

बाकीचंही असंच. ज्या वस्तीत सहा वर्षांखालची चाळीस पोरं असतील तिथे मागणी केल्यावर अंगणवाडी द्यायची, असा नियम आहे. पोरं आईबरोबर फडात असली तर चाळीस कुठून भरणार? आरोग्याचं उपकेंद्र सपाटीच्या भागात पाच हजार माणसांमागे, आदिवासी-डोंगराळ भागात तीन हजारांमागे. राज्याच्या योजनेतला आदिवासींचा नऊ टक्के हिस्साही लोकसंख्येवरूनच ठरला, १९९३-९४ पासून, सुखठणकर समितीच्या शिफारशीने. विधानसभेत २८८ पैकी २५ जागा आदिवासींना, लोकसभेत राज्याच्या ४८ पैकी ४. आपला नांदगाव तालुका दिंडोरी या राखीव लोकसभा मतदारसंघात आहे, तेही गणतीच्या आकड्यावर. आकडा खाली आला की हे सगळं खाली येतं.

म्हणून त्या मावशीला आमचं उत्तर आहे: मावशी, मोजल्याने पोट भरत नाही. पण न मोजल्याने आपल्या ताटातलं दुसऱ्याच्या ताटात जातं.

काय करायचं

आम्ही पोरापोरींनी बसून काही कामं ठरवली आहेत. मेळाव्याने त्याला मान्यता द्यावी अशी विनंती आहे.

एक. प्रत्येक पाड्यावर दोघांनी जबाबदारी घ्यायची, एक पोरगा आणि एक पोरगी, निदान नववी-दहावी शिकलेले. आपल्या तालुक्यातल्या सगळ्या पाड्यांची, वस्त्यांची, माळावरच्या सुट्या घरांची यादी १ फेब्रुवारीच्या आत करून तहसीलदारांना द्यायची. तालुक्यात गणतीचं काम तेच बघतात. यादीची पोच घ्यायची. गुरुजींना पाडा माहीत नव्हता, असं नंतर कोणी म्हणायला नको.

दोन. जे जवळ कामाला आहेत, निफाड, मनमाड, मालेगाव, त्यांना निरोप द्या की या वीस दिवसांत एकदा तरी घरी येऊन जा. आणि जो खरंच २८ च्या आत येणार आहे त्याचं नाव घरच्या म्हाताऱ्या माणसाने गुरुजींना सांगायचं. १ ते ५ मार्च गुरुजी परत फेरी मारतात, काही राहिलं असेल तर तेव्हा सांगायचं.

तीन. जे लांब फडात आहेत आणि येऊ शकत नाहीत, त्यांनी फडातच मोजून घ्यायचं. उघड्यावर राहणाऱ्यांची गणती २८ फेब्रुवारीच्या रात्री होते. मुकादमाला, कारखान्याच्या माणसाला, तिथल्या शाळेत जाऊन विचारायचं की आमच्या कोप्यांवर कोण येणार. टोळीतल्या एकाने तरी हे काम अंगावर घ्यायचं. पण दोन ठिकाणी नाव सांगायचं नाही. खोटा आकडा आपल्याला नको. आपल्याला आपला खरा आकडा पाहिजे.

चार. जमात विचारतील तेव्हा नुसतं "आदिवासी" किंवा "नाईक" म्हणू नका. "अनुसूचित जमाती, भिल्ल" असं स्पष्ट सांगा. कोकणा असेल त्याने कोकणा, ठाकूर असेल त्याने ठाकूर. आपली आडनावं सोनवणे, मोरे, गायकवाड अशी असतात, त्यावरून लिहिणाऱ्याने अंदाज बांधू नये. दाखला दाखवावा लागत नाही. कोणी मागितला तर सांगा की गणतीत आम्ही सांगू तेच लिहायचं असतं. धर्माच्या रकान्यात ज्याची जी श्रद्धा असेल ते सांगा. मातृभाषा घरात जी बोलता तीच सांगा. भिलोरी बोलत असाल तर भिलोरी, अहिराणी बोलत असाल तर अहिराणी. लाजून मराठी सांगू नका. भाषेचीही गणती होते.

पाच. बायांनो, तुमचं काम विचारतील तेव्हा घरातला बाप्या चटकन सांगतो, "ती काही करत नाही, घरीच असते." हे चालू देऊ नका. ऊस तोडता, कांदा लावता, विकायला मोळी आणता, डिंक-तेंदूपत्ता गोळा करता, रोजगार हमीवर जाता, हे सगळं सांगा. वनजमीन कसत असाल तर शेती करतो असं सांगा. किती मुलं झाली आणि किती जिवंत आहेत हेही विचारतील. जे मूल गेलं तेही सांगा. जिवाला लागेल, पण सांगा. गेलेली मुलं कागदावर आली तरच कोणाला तरी त्याचा जाब विचारता येईल.

सहा. म्हाताऱ्या माणसांचं वय अंदाजाने साठ-सत्तर लिहून टाकतात. तसं नको. बहात्तरच्या दुष्काळात तुम्ही केवढे होता, लग्न झालेलं होतं का, पहिलं पोर कधीचं, असं विचारून वय काढायचं. हीच माणसं उद्या दाव्यात जबाब देणार आहेत की ही जमीन कधीपासून कसतो. वय नीट असलं तर जबाबाला वजन येतं.

सात, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. सरकारची गणती दहा वर्षांनी एकदा होते, तीही फेब्रुवारीत. आपली गणती आपण करायची. प्रत्येक पाड्याने एक वही घालायची. घर, माणसं, वय, जमात, कोण कुठे कामाला जातं आणि कधी परत येतं, कोणती जमीन कधीपासून कसतो, हे त्यात लिहायचं. दर अक्षय्य तृतीयेला, म्हणजे आखाजीला, सगळी माणसं घरी असतात. तेव्हा वही पाड्यासमोर वाचायची, नवा जन्म, मरण, लग्न भरायचं. ग्रामसभेत ठराव घेऊन ती वही मांडायची. तिला सरकारी शिक्का नसेल, पण अंगणवाडी मागताना, रेशनकार्ड मागताना, वनहक्क समितीत बसताना आपल्या हातात आपला हिशोब असेल. उद्या छापून आलेला आकडा आणि आपली वही यात फरक पडला तर आपण विचारू शकतो, आमची ही माणसं कुठे गेली?

शिवाय एक मागणी आपण जिल्हाधिकाऱ्यांकडे करायची आहे. हंगामी स्थलांतर करणाऱ्यांचा आकडा वेगळा धरून त्यांच्या मूळ गावाला त्यांचा वाटा मिळाला पाहिजे. माणूस पोटासाठी सहा महिने बाहेर गेला म्हणून त्याचं गाव बदलत नाही. त्याचे देव इथे आहेत, त्याच्या आईबापाची राख इथल्या मातीत आहे, त्याने कसलेली जमीन इथे आहे. या मागणीच्या अर्जावर मेळावा संपल्यावर सगळ्यांनी सही-अंगठा करायचा आहे.

खरं म्हणजे आपल्याला ऊसतोडीला जावंच लागू नये, ही मूळ गोष्ट आहे. गिरणा धरण आपल्या तालुक्यात, पण पाणी पुढे जळगावकडे जातं. आपल्या वाट्याला माळरान आणि पावसावरची एक पिकाची शेती. ती शेती आपल्या नावावर झाली, तिला बांध-बंदिस्ती झाली, विहीर झाली, तर दिवाळीत मुकादमाचा ट्रक रिकामा परत जाईल. जमिनीचा दावा आणि माणसांची गणती ही दोन कामं वेगळी नाहीत. जमीन मिळाली तर माणूस पाड्यावर राहील. आणि माणूस पाड्यावर मोजला गेला तर जमीन मागायला बळ येईल.

देशात शंभर कोटींवर माणसं आहेत. त्यात आपण थोडे आहोत, पण थोडे म्हणजे शून्य नव्हे. ९ फेब्रुवारीला गुरुजी दारात येतील तेव्हा त्यांना बसायला बाज टाका, पाणी द्या, आणि घरातलं एकूण एक माणूस लिहून झाल्याशिवाय उठू देऊ नका.

पाड्यांच्या यादीचे कोरे कागद आणि वह्या आम्ही आणल्या आहेत. प्रत्येक पाड्याच्या दोघांनी जाताना घेऊन जाव्यात. पुढची बैठक ३० जानेवारीला इथेच, भरलेल्या याद्या घेऊन.

जल, जंगल, जमीन आमच्या हक्काची!
आदिवासी एकजूट जिंदाबाद!